रिकाम्या जीपमध्ये न येणारा आवाज

माझ्या वडिलांची, आबांची जीप अक्कलकुवा ते मोलगी प्रवासी नेते. घाट उतरताना त्यांनी ब्रेक दाबला की मागच्या डाव्या चाकापाशी खट्ट वाजायचं. आबा म्हणायचे, जुनी गाडी आहे, बोलणारच. मी शेजारी बसलेली असले की माझा हात आपोआप दाराच्या कडीवर जायचा. एका बाजूला दरी, मागे सोळा-सतरा माणसं. चाकच निखळलं तर?

पंधरा दिवसांत तीनदा गॅरेज झालं. आधी बेअरिंग बदललं, मग ब्रेक लायनर. तिसऱ्या वेळी मिस्त्रीने चाक जॅकवर उचलून दोन्ही हातांनी हलवलं, गाडी फिरवून आणली आणि हात पुसत म्हणाला, "ताई, माले ते काहीच ऐकू येत नही. आवाज तुन्हा कानमा शे."

आबा हसले. मला मात्र भयंकर चीड आली. रस्ता-सुरक्षेच्या सगळ्या पत्रकांत 'माणसाचा जीव' हे शब्द वाचत मी मोठी झाले, आणि इथे तोच विषय थट्टेवारी जात होता. मी जाड अक्षरात 'दहाच प्रवासी' लिहून कागद पुढच्या काचेवर चिकटवला. आबांनी तो काढला नाही. काढताना काचेला डिंक राहतो म्हणाले. माणसं मात्र सतराच बसवली.

चौथ्या वेळी जीप भरलेली होती. डोंगरातल्या एका पाड्याची चौदा माणसं बाजार करून परत निघालेली. आदल्या तिन्ही वेळांसारखंच मी गॅरेजच्या अलीकडे सगळ्यांना उतरवू लागले. गाडीत बिघाड असताना आत कुणी बसायचं नाही, हा माझा नियम.

त्यांच्यातली एक म्हातारी हललीच नाही. "आम्ही बसलो की वाजतं ना ते?" ती म्हणाली. "मग आम्हाला उतरवून मिस्त्रीला काय दाखवतेस? रिकामी सीट?"

सगळे खो खो हसले. माझे कान तापले. तीन वेळा मीच आवाजाला खाली उतरवून गाडी आत नेली होती.

चौदा जण बसलेलेच राहिले. आबांनी जीप हळू पुढे घेऊन ब्रेक दाबला. खट्ट. मिस्त्री चाकाशेजारी उकिडवा बसलेला होता. "परत!" तो ओरडला. खट्ट. या वेळी त्याला त्या बाजूचा ॲक्सल बोटभर मागे सरकताना दिसला. जास्त माणसं पेलावीत म्हणून आबांनी दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगमध्ये एकेक पाटा, म्हणजे लोखंडी पट्टी, वाढवून घेतला होता. ते पाटे एकत्र धरणारा मधला बोल्ट डाव्या बाजूला तुटला होता.

"घाटमा चाक वाकडं व्हतं तर?" मिस्त्री आबांना म्हणाला. आबा या वेळी हसले नाहीत.

वाढीव पाट्याला लागेल इतका लांब बोल्ट त्याच्याकडे नव्हता. त्याने दोन्ही बाजूंचे वाढीव पाटे काढले आणि साधा बोल्ट बसवला. "आते दहाच बसाडजो, आबा."

काचेवर मी लिहिलेलंच तो बोलला! मी उत्साहाने म्हटलं, दहा जण आत्ता चला, चौघांना दुसऱ्या खेपेला नेऊ.

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी घेऊन खाली उतरली. तिच्यामागे सगळेच उतरले. एका पाड्याची माणसं सोबत आली की सोबतच परततात, चौघांना बाजारात सोडून कुणी जात नाही. मी विनवलं, रागावले, बोल्टचे तुकडे हातात धरून दाखवले.

"तुझं खरं आहे गं," म्हातारी म्हणाली. "पण हे चौघं कोणते, ते तू सांगशील का?"

ते चौदाही जण नाक्यावरच्या दुसऱ्या जीपमध्ये शिरले. त्यात आधीच पाच जण होते.

मी आबांवर ओरडले, त्या ड्रायव्हरवर ओरडले, तो म्हणाला, "तुमना आवाज गया ना? मंग?" आणि निघाला.

आबांनी भाड्याची वाट पाहिली नाही. मला बसायला सांगितलं आणि गाडी त्या जीपच्या मागे घातली. घाटभर त्यांनी ती नजरेआड होऊ दिली नाही. समोर मागच्या पायरीवर लटकलेल्यांचे पाय दिसत होते, आणि आमच्याकडे दहा जणांची जागा रिकामी होती.