पावडरच्या डब्यातला वॉशर

दादाची टॅक्सी आरटीओच्या पासिंगला पहिल्यांदा नापास झाली, त्या दुपारी मी वाचकांची पत्रं कापत बसलो होतो. नाशिकच्या एका दैनिकात मी उपसंपादक होतो. जपानी तंत्राची छोटी गाडी नुकतीच रस्त्यावर आली होती आणि पत्रव्यवहाराच्या पानाला महिनाभर तोच विषय पुरत होता : देशी गाडी चांगली की परदेशी. एकाचं म्हणणं, इतकी वर्षं आपल्याला दुसरं काही पाहूच दिलं नाही. दुसऱ्याचं म्हणणं, बाहेरचा माल आला की इथल्या कामगाराची चूल विझणार. पत्रं चार-चार पानी असत. मी ती दहा ओळींवर आणत असे. लिहिणाऱ्यांपैकी गाडी असलेला एकही नसावा.

फोन टॅक्सी स्टँडशेजारच्या दुकानातून होता. दादा म्हणाला, "ब्रेक धरला नाही. पंधरा दिवसांनी परत बोलावलंय. साहेब म्हणाले, गाडी फार जुनी आहे, आता शेवटची संधी. नाही झाली तर परमिट रद्द." मग त्यानं फोन ठेवला.

दादा तेव्हा बेचाळीसचा होता. सातवीनंतर शाळा सुटलेली, हातात गाडी चालवण्याशिवाय दुसरं काम नाही, घरात वहिनी आणि तीन मुली. परमिट त्या एका गाडीवर होतं.

ती गाडी परदेशी होती. काळी, लांब, पुढून एखाद्या माशानं तोंड उघडावं तशी. पन्नासच्या दशकातली. दादानं ती देवळालीच्या एका निवृत्त साहेबाकडून घेतली तेव्हाच तिचं वय झालेलं होतं. नाशिकहून त्र्यंबक, तिथून पुढे हरसूल, असा तिचा रस्ता. मधल्या जागेत घडीच्या दोन खुर्च्या होत्या, त्यामुळे देशी गाडीपेक्षा माणसं जास्त बसत. हरसूलच्या बाजाराच्या दिवशी किती बसत ते आम्ही मोजत नसू. डोंगरातली माणसं तिला नुसतं 'मोठी' म्हणत. स्टँडवर देशी गाडीचा नंबर लागलेला असला तरी एखादी म्हातारी टोपली खाली ठेवून बसायची. "मोठी येईल तव्हा जाईन. त्या डबीत लय हादरं बसतात, हाडं ऱ्हात नाय जागंवर."

नंबर असलेला देशी गाडीवाला चिडायचा. "आजी, तिच्यात बसून विलायतेला जायचंय का? हरसूललाच जायचंय ना?"

दादा दुरून ओरडायचा, "तुझ्या गाडीचं दार लावायला दोन माणसं लागतात. एक आतून ओढायला आणि एक बाहेरून शिव्या द्यायला."

घरातला वाद स्टँडवरच्या वादाहून जुना होता. वडील नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये होते. दादा दुसऱ्याची टॅक्सी चालवत होता तेव्हा वडिलांनी त्याच्या नावानं देशी गाडीची नोंदणी केली होती. त्या काळी गाडी मागितली की वर्षानुवर्षं थांबावं लागे. सहा वर्षं थांबून दादा कंटाळला आणि त्यानं देवळालीची गाडी घेतली. त्यानंतर वर्षभरात देशी गाडीचा नंबर आल्याचं पत्र आलं. दादानं नको म्हणून उत्तर लिहिलं. ते पोस्टात टाकायला वडील स्वतः गेले. परत येऊन चपला काढता काढता म्हणाले, "टाकलं." त्या विषयावर त्या दिवशी ते एवढंच बोलले. पुढच्या रविवारपासून मात्र दर रविवारी बोलले.

वडिलांचा मुद्दा एकच असे. "गाडी कुठली ते विचारू नकोस. तिचा सुटा भाग कुठे मिळतो ते विचार."

"बाबा, लोखंड बघा. टिचकी मारून बघा."

"टिचकी मारायला मी कुंभाराकडे मडकं घ्यायला आलोय का?"

तेल महागलं तेव्हा पेट्रोलचं मूळ इंजिन काढून दादानं गाडीत देशी डिझेल इंजिन बसवलं. पुढे गिअरबॉक्स देशी जीपचा आला. वडील गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "काळीज आमचं, आतडी आमची. कोट तेवढा साहेबाचा." वहिनी हसली. दादाही हसला. त्या वर्षांत हसणं परवडत होतं.

ब्रेकचा वॉशर हा मात्र हसण्याचा विषय नव्हता. ब्रेकवर पाय दिला की मास्टर सिलेंडरमधला एक रबरी वॉशर तेल पुढे ढकलतो, ते तेल चारी चाकांना जातं आणि गाडी थांबते. वॉशर रुपयाच्या नाण्याएवढा. वहिनीचा एक मामेभाऊ बोटीवर नोकरीला होता. गाडी घेतली त्याच वर्षी त्यानं परदेशातून त्या गाडीचा अस्सल वॉशर आणून दिला. एकच. दादानं तो बसवला नाही. खरी गरज पडेल तेव्हा लागेल म्हणाला. रबर पावडरीत टिकतं असं कोणीतरी सांगितल्यावरून वहिनीनं तो टाल्कम पावडरच्या रिकाम्या होत आलेल्या डब्यात ठेवला आणि डबा कपाटात, लग्नाच्या शालूमागे. गाडीला दादा देशी वॉशर घालत राहिला. गॅरेजचा मिस्त्री जीपचा वॉशर कडेनं घासून बसवून द्यायचा. वर्षाला एक. अकरा वर्षं गाडी त्यावरच थांबली.

वडिलांनी घरात कधी अंगारा येऊ दिला नाही. इतर टॅक्सीवाले पुढे लिंबू-मिरची बांधत. आमच्या गाडीला कधी बांधली नाही. पण त्या पावडरच्या डब्याला मुलींनी हात लावला तर दादाच्या तोंडचं पाणी पळायचं.

पहिल्यांदा ब्रेक का धरला नाही, ते मिस्त्रीनं दुसऱ्या दिवशी शोधलं. आधीच्या आठवड्यात हरसूलहून येताना ब्रेकचं तेल गळून कमी झालं होतं. वाटेत दुसरं काही मिळेना म्हणून दादानं गाडीत ठेवलेलं इंजिन ऑइल ओतलं आणि तसाच नाशिकला आला. त्या तेलानं आतली सगळी रबरं फुगली. मिस्त्री म्हणाला, "दादा, ह्यात रबराची चूक नाही. कुठल्याबी देशाचं असतं तरी फुगलं असतं."

दादानं त्यातलं अर्धंच ऐकलं. "फुगलं ना? अस्सल असतं तर नसतं फुगलं."

ते पंधरा दिवस मला तारीखवार आठवतात, कारण रोज रात्रपाळीला जाण्याआधी मी त्याच्याकडे जात होतो. पहिले तीन दिवस तो पाईप धुण्यात होता. चौथ्या दिवसापासून गाडी मिस्त्रीकडे आणि तो सकाळी सहाला स्टँडवर. गाडी नसताना. बाकड्यावर बसून नंबर लागताना बघायचा. ज्यांना तो शिव्या घालायचा ते देशी गाडीवाले आता त्याला चहा देत होते, आणि दादा तो घेत होता. एकानं विचारलं, "माझ्या गाडीवर बदली मारतोस का? आठवडाभर?" दादा नाही म्हणाला. दोन दिवसांनी तो स्वतः विचारायला गेला तेव्हा त्यानं दुसरा ड्रायव्हर ठेवला होता. नवव्या दिवशी वहिनीनं मला दाराबाहेर थांबवून सांगितलं, "भाऊजी, हे झोपेत पाय मारतात. उजवा पाय. ब्रेकवर मारल्यासारखा." अकराव्या दिवशी दादानं मला विचारलं, "तुमच्या प्रेसमध्ये पेपरचे गठ्ठे नेणारी गाडी असते ना? तिच्यावर कोण असतं?" त्या गाडीवर माणूस होता. मी तसं सांगितलं.

तेराव्या दिवशी गाडी जोडायची होती. मिस्त्री, दादा, वडील आणि मी गॅरेजमध्ये होतो. चारी चाकांच्या ब्रेकला मिस्त्रीनं नवे देशी वॉशर घातले होते. मास्टर सिलेंडर उघडा होता. दादानं खिशातून पावडरचा डबा काढला.

वडील म्हणाले, "अकरा वर्षं जो चालला तोच नवा घाल. दुकानात आहे. चार पावलांवर."

"बाबा, शेवटची संधी आहे. आत्ता नाही तर हा कधी वापरायचा?"

"चार चाकं आमच्या भरवशावर आहेत. पाचवा वॉशरही आमचाच घाल."

"तुम्हाला तुमचं खरं करायचंय."

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही पेपरवाले. तुम्हीच सांगा." त्यानं पावडर झटकून वॉशर माझ्या हातात दिला.

मी तो बोटांत धरून किंचित वाकवला. कडेला केसाएवढी पांढरी रेघ होती. मी बोटानं पुसली. गेली नाही. पावडर आत बसली असेल असं मला वाटलं. बातमीत एखादी गोष्ट कळली तर ती दुसरीकडून तपासल्याशिवाय छापायची नाही, हे मी रोज शिकाऊ वार्ताहरांना सांगत असे. मी वॉशर परत दिला. "ठीक दिसतोय," म्हणालो. दादाचा चेहरा पाहून म्हणालो की रबर पाहून, ते मला आजही सांगता येत नाही.

गल्लीत गाडी चालवून पाहिली. चार वेळा ब्रेक दाबला, चारही वेळा धरला. दादा उतरून बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. तेरा दिवसांत त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

पासिंगच्या दिवशी मी, वडील आणि मिस्त्री मैदानाच्या कडेला उभे होतो. इन्स्पेक्टर दादाशेजारी बसले. सरळ रस्त्यावर ब्रेक धरला. मग ते गाडी उतारावर घेऊन गेले आणि जोरात दाबायला सांगितलं. पहिल्यांदा गाडी जागच्या जागी थांबली. दुसऱ्यांदा थांबली नाही. दादाची मान पुढे गेली आणि उजवा खांदा खाली जाताना आम्हाला दिसला. तो पाय दाबत होता, पेडल तळाला गेलं होतं. त्यानं हँडब्रेक ओढला. गाडी फरपटत विटांच्या ढिगाला लागली. कोणाला इजा झाली नाही. पुढचा दिवा फुटला. इन्स्पेक्टर खाली उतरले, पँट झटकली, दादाला पाणी हवं का विचारलं आणि मग टेबलाशी जाऊन नापासचा शेरा लिहिला.

दादानं तिथेच, मैदानाच्या कडेला, सिलेंडर उघडला. मिस्त्री थांबा म्हणत होता. वॉशर बाहेर आला तो दोन तुकड्यांत. दादानं एक तुकडा अंगठ्याखाली दाबला, त्याचे बारीक कण झाले. फुगला नव्हता. अकरा वर्षं डब्यात पडून वाळला होता. चाकांपाशी तेलाचा थेंब नव्हता; तिथले चारही देशी वॉशर शाबूत होते.

वडिलांनी खिशातून कागदाची पुडी काढली. सकाळीच दुकान उघडताच त्यांनी नवा वॉशर आणला होता, मिस्त्रीकडून घासून घेतला होता आणि आम्हाला सांगितलं नव्हतं. दादानं पुडीकडे पाहिलं. त्यांच्याकडे पाहिलं नाही. "आता कशाला, बाबा?"

वडील म्हणाले, "गाडी घरी तर न्यायचीय ना."

मिस्त्रीनं तो बसवला. दादा गाडीचं पुस्तक घेऊन टेबलापाशी गेला. "साहेब, एकदा बघा. एकदाच. ब्रेक धरतोय." तो बराच वेळ तिथे उभा होता. इन्स्पेक्टरांनी पुस्तकातला शेरा त्याला दाखवला. शाई वाळली होती.

त्या रेघेचं मी कोणाला सांगितलं नाही. दादानं विचारलंही नाही. वडील मात्र त्यानंतर कुठल्याही रविवारी गाडीवर बोलले नाहीत, आणि ते गप्प बसणं दादाला जास्त जड जात होतं.

परमिट गेल्यावर दोन महिन्यांनी भंगारवाल्याशी बोलणं झालं. तो गाडी ओढून न्यायला तयार होता. दादा नको म्हणाला, मीच आणतो. मी शेजारी बसलो. वाटेत कोपऱ्यावर एक म्हातारी टोपली घेऊन उभी होती. तिनं हात केला. दादानं ब्रेक दाबला आणि गाडी बरोबर तिच्यासमोर थांबली.

"हरसूल?" तिनं विचारलं.

"नाही, आजी," दादा म्हणाला. "आज नाही."

भंगारवाल्याच्या फाटकाशी उतार होता. तिथेही त्यानं ब्रेक एकदाच दाबला. गाडी थांबली.