विलायतेचं प्रस्थान आमच्या कोनाड्यात

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. वडील धारच्या पागेत खोगिरं शिवायचे, आणि मी त्याच गावात शाळेत भूगोल शिकवू लागलो. हे मी आजही छाती पुढे काढूनच सांगतो.

देवासचे एक सरदार विमानाने विलायतेला निघाले होते. कराचीला चढायचं, लंडनला उतरायचं. सोबत एक माणूस हवा होता. मी कोट घालून देवासला गेलो. सरदारांनी इंग्रजीत विचारलं, मी इंग्रजीत उत्तरं दिली. मग ते मराठीत म्हणाले, "पिठलं येतं का करता?"

"सरकार, मी बी.ए. आहे," मी म्हणालो.

माझ्यामागून माझा आतेभाऊ आत गेला. मॅट्रिक नापास. "पिठलंच काय सरकार, पुरणपोळीसुद्धा येते," म्हणाला. आयुष्यात त्याने चुलीत फुंकर घातलेली नव्हती. जागा त्याला मिळाली.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण निघायचा दिवस शनिवार, आणि जोशीबुवांना मुहूर्त सापडला बुधवारी. मग प्रस्थान ठेवायचं ठरलं. फडक्यात तांदूळ आणि सुपारी बांधून ते गाठोडं मुहूर्तावर घराबाहेर काढायचं, जायच्या दिशेच्या एखाद्या घरी ठेवायचं, म्हणजे माणूस निघाला असं धरतात. आतेभावाच्या घराच्या पश्चिमेला घर कुणाचं? आमचं! गाठोडं आमच्या कोनाड्यात बसलं. निघालेल्या माणसाने परत घरात पाऊल टाकायचं नाही, म्हणून आतेभाऊही आमच्याकडेच राहिला. माझ्याच गादीवर.

सगळी आळी त्याला बघायला यायची. दूधवाल्याने माझा कोट पाहून हात जोडले. "क्यों भिया, हवाई जहाज में आप ही जा रहे हो?"

"मैं नहीं. वो, जो शिरा खा रहा है."

आईने त्याच्यासाठी रोज शिरा केला. मला बी.ए.च्या निकालाला एकदा केला होता.

मनात एकच होतं. याला ताप यावा, खोकला यावा, काहीही यावं आणि जागा माझ्याकडे यावी. आला नाही. शनिवारी आईने त्याच्या हातावर दही घातलं, त्याने गाठोडं उचललं आणि दारात थबकला.

"दादा, सरकारांनी अंतर विचारलं तर?"

शाळेच्या पृथ्वीगोलावर दोरा लावून मी ते कधीच मोजलं होतं. दोऱ्याने चार हजार मैलांच्या आत भरतं. पण विमान तेल भरायला ठिकठिकाणी उतरतं, रात्री मुक्काम करतं. "पाच हजार मैल धर. सात दिवस," मी म्हणालो. मोटारीत बसेपर्यंत तो ते घोकत होता.

परत आला तो सरळ आमच्याकडेच जेवायला. आईने पिठलं केलं होतं.

"दादा, अंतर खरंच विचारलं! मी धाडकन सांगितलं. सरकार म्हणाले, हुशार आहेस."

"माझं नाव सांगितलंस?"

"ते कुठं विचारतात?"

"आणि पिठलं? आवडलं त्यांना?"

"कसलं पिठलं, दादा! उतरू तिथं हॉटेल. चूल पेटवायची वेळच आली नाही."

आई त्याला आणखी वाढायला वाकली. मी पाटावरून उठलो.

"अरे, पिठलं घे ना," ती म्हणाली.

"मला नको," मी म्हणालो आणि हात धुवायला परसात गेलो.