चरबी पुरत नाही

माझ्या मैत्रिणी घरी गेल्या की जेवताना ऑफिसातल्या गमती सांगतात. माझं तसं नाही. मी नगरला सावेडीत एका प्लास्टिक सर्जन मॅडमकडे नर्स आहे आणि सासरी सांगून ठेवलंय, भाजलेल्या पेशंटचा दवाखाना आहे म्हणून. भाजलेलेही येतात, अगदीच खोटं नाही! पण बाकीचे किस्से घरी सांगायची सोय नसते, त्यामुळे ते साचत जातात. आज तुम्ही विषय काढलाच आहे तर ऐका. फक्त नावं विचारू नका.

*

आमच्याकडे बायका छाती मोठी करून घ्यायला येतात. स्वतःच्याच पोटावरची, मांडीवरची चरबी काढून तिथे भरायची. पण हे सगळ्यांना जमत नाही. अंगावर काढण्याइतकी चरबी पाहिजे, वजन स्थिर पाहिजे आणि तंबाखू-सिगारेट अजिबात नको, नाहीतर भरलेली चरबी टिकत नाही. तपासायचं पहिलं काम माझं. पोटाची वळी चिमटीत धरून बघायची. पहिल्या दिवशी मला एवढी लाज वाटली की पेशंट टेबलावर आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी!

एक कॉलेजची मुलगी स्कूटीवरून आली. आपल्याकडे मुली बांधतात तसा डोळे सोडून सगळं झाकणारा स्कार्फ. सांगितल्यावर तिनं टेबलावर कपडे उतरवले, पण स्कार्फ काही सोडला नाही. मॅडम म्हणाल्या, अगं, तोंड तरी मोकळं कर, जरा श्वास घे.

आतून आवाज आला, "नको मॅडम. तोंडावरून वळखत्यात."

मी हसू दाबत पडदा ओढला. संध्याकाळी घरी निघताना सवयीनं स्कार्फ हातात घेतला आणि ते हसू गेलं. दवाखान्याच्या गेटातून मी कधीच उघड्या तोंडानं बाहेर पडत नाही, ऊन असो नसो.

*

कोल्हारहून दोघी बहिणी आल्या होत्या. धाकटीचं लग्न ठरलेलं, अंगानं अगदी काडी. मुलाकडच्या कुणीतरी बघण्याच्या कार्यक्रमात काहीतरी बोललं होतं, ते तिच्या मनाला लागलेलं. थोरली मात्र चांगली भरलेली. मॅडमनी धाकटीला तपासलं आणि सांगितलं, काढायला चरबीच नाही, भरणार काय?

थोरलीनं सरळ पदर बाजूला सारला आणि स्वतःचं पोट दोन्ही हातांनी धरून दाखवलं. "माझी घ्या की. एकाच आईच्या हाय आमी."

दुसऱ्याची चरबी शरीर घेत नाही, सख्ख्या बहिणीची असली तरी नाही, हे मॅडमनी शांतपणे समजावून सांगितलं. थोरली हिरमुसली. धाकटी मान खाली घालून जिन्यापर्यंत गेली, तेवढ्यात थोरली परत आत आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "मंग सिस्टर, नुसती काढून तरी घ्या."

*

शेवगावच्या एक बाई मात्र सगळ्या बाजूंनी योग्य होत्या. वजन बरोबर, चरबी भरपूर, सोनोग्राफी स्वच्छ. शेवटी मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला, तंबाखू वगैरे?

"आमच्यात कुनी हात लावत न्हाई," असं म्हणून बाई हसल्या. दात काळेभोर!

मॅडमनी विचारलं, हे काय मग? तर म्हणे मिश्री. "ती काय तंबाखू न्हाई मॅडम, दात घासायचंय ते."

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आधी ती सोडा, मग बघू, असं मॅडम म्हणाल्या. बाईंचा आवाज चढला. "म्हंजी मिश्री लावनाऱ्या बाईचं ऑपरेशन करतच न्हाई का तुमी?" मॅडम म्हणाल्या, नाही करत. आमची केबिन प्लायवूडची, त्यामुळे बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांनी हे ऐकलं.

*

त्या बाकावर सोनईचं एक जोडपं बसलं होतं. शेवगावच्या बाई तणतणत गेल्या आणि ह्यांचा नंबर आला. नवरा तिशीतला, शर्टाला कडक इस्त्री. मॅडम प्रश्न बायकोला विचारत होत्या आणि उत्तरं तो देत होता. मग त्यानं एका नटीचा फोटो उघडून मोबाईल टेबलावर ठेवला. "एवढं झालं तरी बास." बायको स्वतःच्या चपलांकडे बघत होती. शेजारी उभी राहून मलाच कुठे बघावं ते कळेना.

तपासणीच्या नावाखाली मॅडमनी त्याला बाहेर बसवलं आणि तिला विचारलं, तुला स्वतःला करायचंय का?

ती पुटपुटली, "न्हाई. पन मी नको म्हनले असं ह्यांना सांगू नका. घरी गेल्यावर मलाच ऐकावं लागंल. चरबी पुरत न्हाई म्हना."

मी चिमटीत धरून बघितलं. खरंच पुरत नव्हती. मॅडमनी नवऱ्याला बोलावून तसं सांगितलं. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "किती वाढवायला लागंल?" जशी काय मी बाजारात शेळी जोखून दिली होती. त्या दिवशी मला माझ्या हाताची लाज वाटली.

*

दिवाळीनंतर ते जोडपं परत आलं. ती ओळखू येईना. गाल वर आलेले, ब्लाउज दंडात रुतलेला. नवऱ्याचा चेहरा खुललेला. रोज सकाळ-संध्याकाळ डिंकाचे लाडू, तूप-भात, वर म्हशीचं दूध, समोर बसून, ताटावर नजर ठेवून खायला घातलं म्हणाला. "आता बघा चिमटा काढून."

मी चिमटीत धरलं. पुरत होती. मी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी माझ्याकडे. आता काय कारण सांगायचं, दोघींनाही सुचेना. वेळ काढायला म्हणून मॅडमनी नेहमीचे प्रश्न सुरू केले. डायबेटिस? नवरा म्हणाला, नाही. ब्लड प्रेशर? नाही. तंबाखू?

"छ्या," नवरा म्हणाला.

तिनं पहिल्यांदा मान वर केली, मॅडमकडे बघितलं आणि तोंड उघडलं. दात काळेभोर.

नवरा वाकून तिचे दात बघायला लागला. "हे कवापास्नं?"

"तुमच्या आईच्याच डबीतली घेती," ती म्हणाली. "आता सुटत न्हाई."