सोडून दिलेले पंचवीस अंश

निसर्गचित्र पाहून कोणी "किती प्रसन्न" म्हणालं की मला अजून मळमळतं. त्याला कारण माझंच एक चित्र आहे.

साठीचं दशक संपत आलं तेव्हा मी धुळे जिल्ह्यातल्या एका लहान नगरपालिकेच्या गावी मोजणी खात्यात होतो. सहा दिवस लोकांच्या हद्दी मोजायच्या आणि रविवारी कॅमेरा घेऊन नदीवर जायचं. कॅमेऱ्याबरोबरची लेन्स पन्नास मिलिमीटरची. तिच्यातून साक्रीकडचे डोंगर ताटाच्या कडेला चिकटलेल्या शितांएवढे दिसत. जळगावच्या एका फोटोग्राफरने दुकान आवरलं तेव्हा त्याची एकशेपस्तीसची जुनी टेलिफोटो मी घेतली. मुठीत मावेल एवढीच, पण तिच्यातून डोंगर जवळ आले. एकामागच्या एक तीन रांगा एकमेकींना टेकल्या आणि मधलं मैलोन्मैल माळरान नाहीसं झालं.

शिवाय नको ते बाहेर राही. पन्नासच्या लेन्सला आडवे चाळीस अंश दिसतात, एकशेपस्तीसला पंधरा. म्हणजे पंचवीस अंश सुटतात, दोन्हीकडे साडेबारा-साडेबारा. नदीवरच्या फरशीवर, म्हणजे ठेंगण्या पुलावर, उभं राहिलं की डावीकडच्या साडेबारांत पालिकेचा उकिरडा होता. मैल्याच्या गाड्या तिथेच रिकाम्या होत, मेलेली जनावरंही तिथेच टाकत. उजवीकडच्या साडेबारांत सकाळी डबे घेऊन बसलेलं अर्धं गाव. मधल्या पंधरांत नदीचं वळण, दोन बाभळी आणि धुक्यातले डोंगर. नाकाला रुमाल बांधून मी ते चित्र काढलं. शाळेतल्या प्रदर्शनात सगळ्यांना ते आवडलं. नगराध्यक्षांनी मोठी प्रत मागितली, मी हौसेने करून दिली. ती त्यांच्या कचेरीत खुर्चीमागे लागली. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, हेही लिहिलं पाहिजे.

उन्हाळ्यात आमच्या गल्लीच्या विहिरीचं पाणी नासलं. बादलीत आधी वास आला, मग किडे. शेजारच्या अक्का एका सकाळी तांब्या घेऊनच दारात आल्या.

"भाऊ, वास ले बरं. सून दोन जीवनी शे. तिले मी हाई पाजू?"

वास घेतला. कावीळ तीन घरांत आधीच होती. मी मोजणीची साखळी आणून अंतर मोजलं. उकिरड्यापासून विहीर एकशेबारा फूट. उकिरडा हलवावा असा अर्ज लिहिला, एकतीस घरांच्या सह्या घेतल्या आणि कचेरीत गेलो.

अध्यक्ष कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मालक, गाव त्यांना आबा म्हणे. त्यांनी अर्ज वाचला, खुर्ची फिरवली आणि माझ्याच चित्राकडे बोट केलं.

"मोजणीवाले, ही नदी तुम्हीच काढली ना?"

"हो."

"मग खोटं कोण बोलतंय, तुमचा कॅमेरा का तुमचा अर्ज?"

समोर बसलेले दोघे सभासद हसले. मी त्यांना अंश समजावून सांगितले. पंधरा कुठले, पंचवीस कुठले, कागदावर कोन काढून दाखवले.

"बरोबर आहे," आबा म्हणाले. "चांगल्या माणसाला चांगलंच दिसावं. बाकीचे अंश घरी ठेवा."

दुसऱ्या दिवशी मी पन्नासची लेन्स लावून त्याच फरशीवर, त्याच दगडावर उभा राहिलो. एक म्हैस फुगून पडली होती. कुत्रं तिच्या पोटातून काहीतरी ओढत होतं आणि तिच्या पायांशी हिरवट पाणी ओघळून विहिरीकडे जात होतं. तीन फोटो काढले आणि कठड्यावरून ओकलो.

घरी न्हाणीघरात प्रती धुताना बायको दारात उभी राहिली.

"त्याच विहिरीच्या पाण्यात तिचीच घाण धुताय," ती म्हणाली. "स्वच्छ निघेल का?"

प्रत आबांकडे नेली, अक्कांच्या सुनेबद्दलही सांगितलं. त्यांनी प्रत पालथी घातली. "शिकलेले आहात तुम्ही. असलं काय काढता? आणि एवढी काळजी असेल तर त्या पोरीला माहेरी पाठवा."

अक्कांनी सुनेला खरंच एस.टी.त बसवून एरंडोलला माहेरी पाठवलं. मी दोन्ही चित्रं, कोनांची आकृती आणि अर्जाची नक्कल धुळ्याला वरच्या कचेरीत पाठवली.

उकिरडा हलला. विहीर उपसली, चुना टाकला. सून बाळाला घेऊन परत आली आणि त्याच विहिरीचं पाणी पिऊ लागली. ते पाणी मी चार दिवस रोज वास घेऊन तपासलं. चांगलं होतं.

पाचव्या दिवशी आबा फरशीवर भेटले. "आता काढा कुठल्याही लेन्सने," ते म्हणाले. "कुठेही घाण यायची नाही."

खरंच येत नव्हती, कारण उकिरडा नदीच्या वळणापलीकडे दोन फर्लांगांवर नेला होता. तिथे केरसुण्या बांधणाऱ्यांची वस्ती आहे. मी साखळी घेऊन गेलो. त्यांची विहीर उकिरड्यापासून शहाण्णव फुटांवर, आमच्यापेक्षा सोळा फूट जवळ.

नवा अर्ज लिहून मी गल्लीत फिरलो. कोणी म्हणालं, उद्या बघू. कोणी म्हणालं, आबा नाराज होतील. अक्कांनी नातवाला मांडीवर थोपटत अर्ज ऐकून घेतला.

"आपलं तं व्हयनं ना, भाऊ," त्या म्हणाल्या. "आते सही कसाले?"

वस्तीवर गेलो. त्यांनी अंगठे उठवायला नकार दिला. आबांच्या जिनात त्यांच्या बायका कामाला होत्या. शेवटी मी एकट्याच्या सहीने अर्ज दिला. त्याला उत्तर आलं नाही. वर्षभराने माझी जळगावला बदली झाली, तेव्हा सामान ट्रकवर चढवून जाताना वळणापलीकडे पाहिलं. उकिरडा होता तिथेच होता आणि पहिल्यापेक्षा उंच झाला होता.