आयकून रायली का?

माझी पोरगी आधी विमानाशी बोलली, मग म्हशीशी, मग सगळ्या गावाशी, आणि सगळ्यात शेवटी माझ्याशी. ही काही तक्रार नाही. म्हणजे तक्रारच आहे, पण करणार कोणाकडे?

आमचं घर बिरसीजवळ. धानाच्या बांध्या संपल्या की लगेच विमानतळाचं कुंपण. तिथं पोरं विमान चालवायला शिकतात, त्यामुळे छोटी छोटी विमानं दिवसभर डोक्यावर गोल गोल फिरत असतात. गावात कोणी मान वर करून बघत नाही. आमच्या पोट्टीनं बघितलं. अंगणात खाटेवर बसली होती, एक विमान छपराच्या कवेलूंच्या अगदी वरून घरघरत गेलं आणि तिनं बोट वर करून स्वच्छ म्हटलं, "ईमान." मी हातातलं सूप तिथंच टाकून धावले. लेकीला वाचा फुटली, आता माझाच नंबर! तिच्यापुढे फतकल मारली, छातीवर हात आपटला आणि म्हणाले, म्हण, आई. तिनं माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं आणि परत आभाळाकडे तोंड केलं.

मग काय, रांगच लागली. कुत्रा झाला "भूभू", म्हैस झाली "मशी", शेजारचा ट्रॅक्टर झाला "टकटक". सासूबाईंना "आजी" मिळालं. बापाला तर "बाबा" असं काही लाडात म्हटलं की तो बांधीवर जाताना रस्त्यात भेटेल त्याला थांबवून सांगत सुटला. आणि मला? काही नाही. काही पाहिजे असलं की ओढणी ओढायची, बस. घरातल्या म्हशीला नाव होतं आणि मला नव्हतं. माझा असा तिळपापड व्हायचा की विचारू नका.

सासूबाईंच्या मते चूक माझीच होती. त्या स्वतः घरात आमची पोवारी बोलीच बोलतात आणि त्यांच्या हिशेबानं आईला माय म्हणतात, विषय संपला. ही "आई" कुठून काढली म्हणे, आमच्या साऱ्या खानदानानं मायच म्हटलं, कोणाचं काही अडलं का. नणंद गोंदियात राहते, तिचा सगळा कारभार हिंदीत. ती आली की चॉकलेट नाचवत "मम्मी बोलो बेटा, मम्मी" सुरू. पोरगी तोंड उघडायची, चॉकलेट खायची आणि तोंड मिटायची. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, बोलेल ना कधी तरी, काऊन घाई करून रायली? त्याचं काय जातं, त्याला मिळालं होतं ना!

मी मात्र "आई"वरच अडून बसले. तसं माझं माहेर चिचगडचं, मीसुद्धा माझ्या आईला मायच म्हणते. पण शाळेच्या पुस्तकात आई होती. त्या चित्रातल्या आईचं लुगडं इस्त्रीचं असायचं आणि मुलं तिला हाक मारत पळत यायची. लहानपणीच ठरवलं होतं, मला असंच कोणी तरी पळत येऊन हाक मारेल. इस्त्रीचं नंतर बघू.

खरं कारण वेगळंच होतं, तेही सांगून टाकते. लग्न झाल्यापासून माझं नाव कोणी घेतच नव्हतं. सासूबाईंची मी सुनबाई. गावातल्या बायांसाठी मी अमक्याच्या घरची. आणि नवरा! हा माणूस मोबाईलवर साऱ्या दुनियेचे व्हिडिओ बघतो, पण आईसमोर बायकोचं नाव घ्यायचं म्हटलं की कानापर्यंत लाल होतो. आमच्याकडे जुन्या माणसांत तशी रीतच नाही. मग त्याची एकच हाक, "आयकून रायली का?" म्हणजे ऐकतेस का. चहा पाहिजे, आयकून रायली का. टॉवेल सापडत नाही, आयकून रायली का. भांडायचं असलं तरी सुरुवात तिथूनच. बांधीच्या धुऱ्यावरून ओरडला तरी मला कळायचं की मलाच बोलावणं आहे. मी म्हणायचे, "काय?" झालं आमचं संभाषण. एवढी सवय झाली होती की राग यायचाही बंद झाला होता. पण वाटायचं हो. आपल्याला आपली म्हणून हाक मारणारं एक तरी माणूस घरात असावं. ते ही पोरगी असणार, असं मी धरूनच चालले होते. म्हणून तिच्या एका शब्दासाठी माझा जीव टांगणीला लागला होता.

मी काय काय केलं! दिवसभर माझ्याच नावाची जाहिरात. आई भात कालवते, आई वेणी घालते, आई नाक पुसते. आरशासमोर उभी करून दाखवलं, लग्नातल्या फोटोवर बोट ठेवून दाखवलं. आणि प्रत्येक वेळी छातीवर हात आपटून "आई, आई". एका सकाळी तिनं माझ्यासमोर उभं राहून स्वतःच्या छातीवर धपकन हात मारला आणि ओरडली, "आई!" मी तिला उचलून अंगणभर नाचले. सासूबाईंना खिजवलं, नणंदेला फोन लावला. फोन चालू असतानाच पोरगी म्हशीपुढे गेली, छाती बडवली आणि तिलाही म्हणाली, "आई!" मग कुत्र्यापुढे. मग दारात आलेल्या भाजीवाल्यापुढे. तिच्या डोक्यात छाती बडवायच्या खेळाचंच नाव आई होतं. सासूबाई हसून हसून खाटेवर आडव्या झाल्या, आणि खोटं कशाला बोलू, मीपण हसले. आत कुठं तरी चरचरलं, तरी हसले.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्राच. झुले, मिठाई, रात्री दंडारीचा नाच, पाहुण्यांची नुसती रेलचेल. चिचगडच्या मंडईला मला माहेरी बोलावणं होतं. आम्ही तिघं एसटीनं कोहमाऱ्याला उतरलो, तिथून पुढे चिचगडसाठी देवरीची गाडी धरायची होती. कोहमाऱ्याचा चौक म्हणजे काय सांगू, समोरून ट्रक असे धडधडत जातात की चहाचा कप बशीत नाचतो. मंडईचे दिवस, ढाब्यावर लेकुरवाळ्या बायांची ही गर्दी. प्रत्येकीच्या पायाशी पिशवी, कडेवर पोर आणि नवरा गाडीची चौकशी करायला गेलेला. माझाही गेला होता. मी पोरीला खुर्चीवर बसवलं, हातात आलूबोंडा दिला आणि पिशवीचा बंद सुटला होता तो बांधायला खाली वाकले.

वर बघते तर खुर्ची रिकामी.

बशीत अर्धा आलूबोंडा होता. समोर रस्ता. मी तिचं नाव घेऊन ओरडले, एकदा, परत एकदा, पण ट्रकच्या हॉर्नपुढे माझा आवाज मलाच ऐकू येईना. पिशवी कुठं पडली माहीत नाही, चप्पल कुठं निसटली माहीत नाही. रस्त्याकडे धावले, मग वाटलं मागे असेल, मागे धावले. नवरा तिकडून पळत येताना दिसला, त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. डोळ्यांपुढे काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही.

तेवढ्यात ढाब्याच्या मागून, पाण्याच्या ड्रमांकडून, एक बारीक पण खणखणीत आवाज आला.

"आयकू लायली काऽऽ?"

ढाब्यावर जेवढ्या बाया होत्या तेवढ्यांनी माना वळवल्या. "काय?" सगळ्या एका सुरात म्हणाल्या. एकीच्या तोंडात घास होता, तिनंही घासासकट म्हटलं. साऱ्यांचे नवरे त्यांना हीच हाक मारत असणार, दुसरं काय!

आणि ड्रमाच्या बाजूला आमची पोट्टी उभी. एक हात कमरेवर, मान जराशी वाकडी, हुबेहूब बापासारखी. एवढ्या बायांनी ओ दिली होती, पण ती एकीकडेही बघत नव्हती. ती फक्त माझ्याकडे बघत होती.

माझ्या डोक्यात आत्ता उजेड पडला. घरात माय, मम्मी, आई अशी तीन नावं आम्ही तिच्या कानावर आदळत होतो, पण त्यातल्या एकाही नावानं मला कोणी बोलावत नव्हतं. मला ज्या नावानं बोलावतात ते तिनं नीट ऐकून ठेवलं होतं. मी अनवाणीच गेले आणि तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले.

"आयकून रायली, माय. सांग."

"शू," ती म्हणाली.

सारा ढाबा खदखदून हसला. मी हसत होते आणि रडत होते, आणि पोरगी घाईला आली होती, त्यामुळे दोन्ही आवरतं घ्यावं लागलं. एका म्हातारीनं माझी चप्पल आणून दिली. नवरा ड्रमाला टेकून उभा होता आणि एवढ्या बायांसमोर त्याला वर बघवत नव्हतं.

देवरीच्या गाडीत मला खिडकी मिळाली, पोरगी मांडीवर. नवरा पुढच्या सीटवर. गाडी सुटली, पोरीनं "आयकू" म्हणत माझ्या बांगड्यांशी खेळ मांडला, आणि मी दर वेळी "काय" म्हणत होते. कितीही वेळा म्हणायला लावलं असतं तरी म्हटलं असतं. जरा वेळानं नवऱ्याला पाण्याची बाटली हवी होती. मागे वळला आणि सवयीनं म्हणाला, "आयकून रायली का?"

पोरगी ताडकन उठून बसली. तिनं आपला तळवा माझ्या तोंडावर दाबून धरला, म्हणजे मी ओ देऊ नये, आणि बापाकडे डोळे वटारून म्हणाली, "माजी!"

त्यानं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. त्याची एकुलती एक हाक गेली होती आणि बाटली माझ्यापाशी होती. त्यानं गाडीत इकडे बघितलं, तिकडे बघितलं. ओळखीचं कोणी नाही याची खात्री करून घेतली. कान लाल झाले. मग हळूच, घसा साफ करत, त्यानं माझं नाव घेतलं.

मला ऐकू आलं होतं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

त्याला परत घ्यावं लागलं, जरा मोठ्यानं.