पायांकडे बघणारा माणूस

सरकारी दवाखान्यात कुष्ठरोग तपासणारे ते गृहस्थ मला लाखांदूरच्या बसस्टँडवर रोज भेटत. बोलताना त्यांची नजर समोरच्याच्या पायांवर असे. मला फार अवघडल्यासारखं होई. "शाळा बरी ना, सर?" एवढं विचारून ते उत्तराला दोनदा "हव, हव" म्हणत.

एका सकाळी बसमधून उतरताना माझी डावी चप्पल पुन्हा निसटली. ते जवळ आले.

"काहून निसटून राहिली, सर? टाच टेकवा न पंजा वर उचला."

पंजा हललाच नाही. त्यांनी खाली बसून पँटवरूनच गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दाबली. घोट्यापर्यंत कळ गेली.

"अंगावर बधिर चट्टा हाय काय?" त्यांनी हळूच विचारलं.

दंडावर होता, वर्षभर लपवलेला. मी होकारार्थी मान हलवली. माझ्या विद्यार्थ्यांचे पालक आजूबाजूला थांबून बघत होते.

त्यांनी माझ्या चपलेचा अंगठा खसकन तोडला आणि मोठ्याने म्हणाले, "काही नाही जी, सरची चप्पल तुटली!" मग स्कूटरवर बसवून मला दवाखान्यात नेलं.

"पाय पहिल्यासारखा होईल ना?"

"खोटं नाही सांगत. गोळ्या न पंजा उचलून धरणाऱ्या पट्टीनं फरक पडते. पुरा येईल का, ते मले नाही सांगता येत."

तीन महिन्यांत पंजा थोडा उचलू लागला. घरी मी नस दबल्याचंच सांगितलं होतं.

"घरच्यायचीबी तपासणी लागते, सर," ते चौथ्यांदा म्हणाले. "तुम्ही सांगता का मी येऊ?"

त्या दिवशी जेवणं झाल्यावर मी बायकोला आजाराचं नाव सांगितलं.