साडी, नारळ आणि प्रशांत

"फील्डवर लोक देतील ते घ्यायचं. नाही म्हणायचं नाही आणि का, तेही विचारायचं नाही."

हा आमच्या गाईड सरांचा नियम. मोठ्यांचे नियम मला तसेही पचत नाहीत, पण पीएचडी त्यांच्या हातात! त्या नियमापायी मी काय माती खाल्ली, ऐका.

माझा विषय, शेतकरी घरांतल्या बायकांचं कुणाला न दिसणारं काम. त्यासाठी नागपूरहून कळमेश्वरजवळच्या एका गावी गेले. ओसरीवर घरचे आजोबा आणि आजी बसलेले. मी सुरू झाले. जमीन कुणाच्या नावावर? शेवटी कोण जेवतं? सुनेला नोकरी करायची असली तर?

"करू दे ना," आजोबा म्हणाले. "तुले करायची हाय काय?"

मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं, नाही का?

"तुह्या बापाले वावर किती?" आजी. "लग्न जुळलं काय कुठं?"

"नाही."

"काहून वं? एवढी शिकेल हायेस."

रागाने कान तापले. पण नियम! आतून चहा येत होता, मी पीत होते.

तेवढ्यात त्यांचा मुलगा बाहेर आला. कडक इस्त्रीचा शर्ट, पावडर लावलेली.

"हा आमचा प्रशांत," आजोबा म्हणाले. "कंपनीत परमनंट हाय."

मी नमस्कार करते न करते तोच आजीने माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि हातात साडी-नारळ ठेवला. आता तुम्हीच सांगा, लग्न ठरलेल्या मुलीला आपल्याकडे आणखी काय देतात?

नियम गेला खड्ड्यात. मी उठलेच.

"हे मी घेणार नाही. मला न विचारता माझं लग्न ठरवता? मुलगी म्हणजे बाजारातली भाजी आहे का? उचलली, पिशवीत टाकली? तुम्हा मोठ्या माणसांना वाटतं तरी काय?"

आजोबांनी आजीकडे पाहिलं. आजीने प्रशांतकडे. प्रशांतने स्वतःच्या चपलांकडे. मला वाटलं, जिंकले!

मग आतून एक बाई कप उचलायला आली. सकाळपासून मी तिच्याच हातचा चहा पीत होते आणि तिला एकही प्रश्न विचारला नव्हता. पदराला हात पुसत ती म्हणाली,

"ताई, घरी पहिल्यांदा आलेल्या पोरीले आम्ही रिकाम्या हातानं धाडत नाही. साडी घेऊन जा. हा माहा नवरा हाय, याले तेवढं राहू द्या."